बाबांच्या नावचे जुने शेअर : वकील नको, क्रम हवा

आयपीसीएल, जीएसएफसी, अलेंबिक अशा कंपन्यांच्या आसपास नोकरीची हयात काढलेल्या पिढीने बडोद्यात पन्नास-शंभर शेअर घेतले आणि कपाटात ठेवून दिले. ती माणसं गेल्यावर मुलांच्या हाती सर्टिफिकेटं येतात आणि त्यांच्याबरोबर धास्तीही. या अंकात त्याच विषयावरची पत्रं घेतली आहेत. उत्तरं शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांपुरती आहेत, आणि वारसांबद्दल जे लिहिलंय ते हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 प्रमाणे.

बाबा 2019 साली गेले. त्यांच्या एकट्याच्या नावाचं आयपीसीएलच्या 100 शेअरचं सर्टिफिकेट सापडलं. नॉमिनी नाही, मृत्युपत्र नाही. घरात आई आणि मी. धाकटा भाऊ पुण्याला, ताई इंदूरला दिलेली. कोर्टातून सक्सेशन सर्टिफिकेट आणावं लागेल आणि त्यातच शेअरचे पैसे जातील असं सगळे सांगतात. खरं का? (दांडिया बाजार)

एवढ्या शेअरसाठी तरी खरं नाही. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिने 2022 मध्ये नियम सोपे केले. शेअर कागदी असतील तर प्रत्येक कंपनीमागे पाच लाख रुपयांपर्यंत, आणि डीमॅटमध्ये (कागदाऐवजी संगणकावरच्या खात्यात) असतील तर मृत खातेदारामागे 15 लाखांपर्यंत कोर्टाचा कागद लागत नाही. किंमत अर्जाच्या दिवशीची धरतात, मृत्यूच्या दिवशीची नाही. कंपनीला वाटलं तर ती पाच लाखांची मर्यादा स्वतःहून वाढवूही शकते.

पण स्टॅम्प पेपर घ्यायला धावू नका. आधी त्या 100 शेअरचं आज काय झालंय ते कागदावर मांडा. आयपीसीएल 2007 मध्ये रिलायन्स इंडस्ट्रीजमध्ये विलीन झाली, आयपीसीएलच्या पाच शेअरना रिलायन्सचा एक या प्रमाणात. म्हणजे तुमच्या 100 चे 20 झाले. त्यानंतर रिलायन्सने 2009, 2017 आणि 2024 मध्ये एकास एक बोनस दिला: 20 चे 40, 40 चे 80, 80 चे 160. मधेच जुलै 2023 मध्ये जिओ फायनान्शियल सर्व्हिसेस वेगळी झाली आणि रिलायन्सच्या प्रत्येक शेअरमागे तिचा एक शेअर मिळाला. तेव्हा हिशेबात 80 होते, म्हणून जिओ फायनान्शियलचे 80. बाबा गेल्यानंतरचा बोनसही त्याच फोलिओचा (कंपनीकडच्या बाबांच्या खात्याचा), म्हणजे वारसांचाच.

या हिशेबाचा उपयोग लगेच दिसतो. रिलायन्स आणि जिओ फायनान्शियल या दोन कंपन्या, म्हणून पाच लाखांची मर्यादा दोघींना स्वतंत्र लागते. 160 शेअर पाच लाखांत बसायला रिलायन्सचा भाव 3,125 रुपयांपर्यंत चालतो. अर्ज करण्याच्या आठवड्यात भाव पाहा आणि गुणाकार करा.

तुमच्या हातातलं आयपीसीएलचं सर्टिफिकेट आता विकण्याच्या कामाचं नाही, पण फोलिओ शोधायला लाखमोलाचं आहे. विलीनीकरणानंतर रिलायन्सचं सर्टिफिकेट बाबांच्या जुन्या पत्त्यावर गेलं असणार. ते घरात कुठे आहे का ते पाहा. पोस्टातून परत गेलं असेल तर शेअर कंपनीच्या सस्पेन्स खात्यात (मालकापर्यंत न पोचलेले शेअर ठेवतात त्या खात्यात) असू शकतात. कागदी भागधारकांना मिळालेले अलीकडचे बोनस शेअरही बहुधा अशाच वेगळ्या डीमॅट खात्यात ठेवलेले असतात. त्यामुळे फोलिओत 40 दिसले म्हणून घाबरू नका. बाकीचे कुठे आहेत ते विचारा.

विचारायचं कंपनीला नाही, तिच्या रजिस्ट्रारला, म्हणजे तिच्या भागधारकांच्या नोंदी सांभाळणाऱ्या संस्थेला. कोणत्या कंपनीचं काम कोणाकडे आहे ते कंपनीच्या संकेतस्थळावर गुंतवणूकदारांच्या पानावर असतं. जुन्या पत्रांवर कार्वी असेल तर ते काम आता केफिन टेक्नॉलॉजीजकडे आहे. लिंक इनटाइमचं नाव बदलून एमयूएफजी इनटाइम झालंय. पहिलं पत्र एका पानाचं पुरे. त्यात फोलिओ नंबर, सर्टिफिकेट नंबर, शेअरचे अनुक्रमांक कुठून कुठपर्यंत, सर्टिफिकेटवर छापलंय तसंच बाबांचं नाव, त्या काळचा पत्ता आणि तुमचं नातं लिहा. सोबत मृत्यूचा दाखला आणि तुमच्या पॅनची प्रत जोडा. विचारा : आज नावावर किती शेअर आहेत, कोणत्या वर्षांचा लाभांश पडून आहे, नॉमिनी नोंदलाय का, काही आयईपीएफकडे (न घेतलेला लाभांश आणि शेअर जातात त्या सरकारी निधीकडे) गेलंय का, आणि तुमची कागदपत्रांची यादी काय. कधी कधी या उत्तरातच कळतं की बाबांनी नॉमिनी नोंदवला होता आणि घरी सांगितलंच नव्हतं. तसं असेल तर पुढचं निम्मं काम वाचतं.

दुसरी पायरी वारसांची, आणि सर्वांत जास्त अर्ज इथेच अडकतात. बाबांच्या पहिल्या वर्गाच्या वारसांत पत्नी, मुलगे आणि मुली येतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. बाबांची आईही त्याच वर्गात आणि तितक्याच हिश्श्याची वारस असते, हे राहून जातं. 2019 मध्ये आजी हयात होत्या का? असतील आणि नंतर गेल्या असतील, तर त्यांच्या हिश्श्यापुरते तुमचे काका-आत्याही वारस ठरतात आणि त्यांच्या सह्या लागतात. हे आधी लपवून नंतर उघड झालं तर प्रतिज्ञापत्र खोटं ठरतं. ताईचं लग्न झालंय म्हणून तिचं नाव गाळणंही तसंच. तिचा हक्क तुमच्याइतकाच आहे.

मग शेअर कोणाच्या नावावर घ्यायचे ते ठरवा. एकाच्या नावावर घेतले की काम सोपं होतं, म्हणून बरीच घरं आईकडून 'हरकत नाही' लिहून घेतात आणि मुलाच्या नावावर करतात. आमचं मत उलटं आहे. आई हिंडती-फिरती असेल, तिचं बँक खातं चालू असेल, तर शेअर तिच्या नावावर घ्या आणि त्याच दिवशी तिच्या डीमॅटला नॉमिनी लावा. लाभांश तिच्या खात्यात येईल आणि पुढे तुम्हाला हा सगळा व्याप पुन्हा करावा लागणार नाही.

आता कागद. कागदी शेअरसाठी मागणीचा अर्ज आयएसआर-5, दावेदाराच्या केवायसीचा आयएसआर-1, बँकेकडून सही पडताळलेला आयएसआर-2, नाव छापलेला रद्द केलेला चेक, पॅनची स्वतः साक्षांकित प्रत, मूळ सर्टिफिकेटं, आणि मृत्यूचा मूळ दाखला किंवा नोटरीने अथवा राजपत्रित अधिकाऱ्याने साक्षांकित केलेली प्रत. दाखल्याच्या चार-पाच मूळ प्रती सेवासदनातून (महापालिकेतून) एकदमच काढून ठेवा. दोन कंपन्या, बँक आणि पोस्ट यांत त्या भराभर संपतात. नॉमिनी नसल्यामुळे आणखी तीन गोष्टी लागतात. सगळ्या वारसांची नोटरी केलेली प्रतिज्ञापत्रं, जे दावा करत नाहीत त्यांची नोटरीसमोरची हरकत नसल्याची पत्रं किंवा कौटुंबिक वाटणीचा लेख, आणि दावेदाराचा नोटरी केलेला क्षतिपूर्ती बाँड, म्हणजे पुढे कोणी हक्क सांगितला तर नुकसान भरून देण्याची लेखी हमी. सेबीने यांचे मजकूर ठरवून दिलेत. ते रजिस्ट्रारच्या संकेतस्थळावरून उतरवा आणि तसेच्या तसे टाइप करा. नोटरीच्या टेबलावर पडलेला तयार मजकूर वापरला की अर्ज परत येतो.

सक्षम सरकारी अधिकाऱ्याने दिलेल्या वारसदार दाखल्यात सगळी नावं असतील तर प्रतिज्ञापत्र फक्त दावेदाराचं चालतं. बडोद्यात तलाटीकडून पेढीनामू (वंशावळीचा दाखला) मिळतं. ते वारसदार दाखल्याच्या जागी चालेल का हे त्या रजिस्ट्रारला ईमेलवर विचारून ठेवा, कारण फोनवरच्या होकाराचा पुढे उपयोग होत नाही. चाललं तर पुण्याच्या आणि इंदूरच्या प्रतिज्ञापत्रांची धावपळ वाचते. हरकत नसल्याची पत्रं मात्र तरीही लागतात. ती त्या त्या गावच्या नोटरीसमोर करता येतात.

गुजरातमध्ये ऑक्टोबर 2019 पासून छापील स्टॅम्प पेपर बंद झालेत, ई-स्टॅम्प घ्यावा लागतो. बाँडसाठी इथे सहसा 300 रुपयांचा घेतात. स्टॅम्प दावेदाराच्या नावावर घ्या. आई दावेदार असेल तर "खरेदी करणारा" म्हणून मुलाचं नाव नको. स्टॅम्पची तारीख सहीच्या तारखेनंतरची असता कामा नये. फोलिओ, सर्टिफिकेट नंबर आणि शेअरची संख्या नोटरीपुढे जाण्याआधीच भरा. नंतर वेगळ्या शाईने भरलेल्या जागा पडताळणीत लगेच दिसतात.

आयएसआर-2 कडे कोणी नीट पाहत नाही, आणि तोच सर्वाधिक परत येतो. त्यावर बँकेचा गोल शिक्का असून भागत नाही. सही पडताळणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा, कर्मचारी क्रमांक, सही आणि शाखेचा शिक्का, सगळं हवं. खातं तेच, ज्याचा चेक जोडलाय. आईची सही बँकेत मराठीत आणि पॅनवर इंग्रजीत असेल तर आधी बँकेत सही बदलून घ्या. चेकवर नाव छापलेलं नसेल तर बँकेने साक्षांकित केलेलं पासबुकाचं पहिलं पान जोडा.

मूळ सर्टिफिकेटं पाठवण्याआधी पुढून-मागून स्कॅन करून ठेवा. सगळं एका पाकिटात स्पीड पोस्टाने पाठवा आणि कागदांची यादी वर लावा. कागद पूर्ण असतील तर रजिस्ट्रारला 21 दिवसांची मुदत आहे. त्रुटी निघाली तर ती सगळी एका पत्रात मागून घ्या, आणि उत्तर देताना त्यांचा इनवर्ड नंबर लिहा.

दावेदाराचं डीमॅट खातं आधी उघडलेलं हवं, कारण 2022 पासून नवं कागदी सर्टिफिकेट मिळतच नाही. अर्जासोबत क्लायंट मास्टर लिस्ट (डीमॅट खात्याच्या तपशिलाचा कागद) जोडा आणि तिच्यावर डीपीचा, म्हणजे डीमॅट खातं जिथे आहे त्या बँकेचा किंवा ब्रोकरचा, सही-शिक्का घ्या. कोणाच्या घरी पूर्वीच्या अर्जावर आलेलं 'लेटर ऑफ कन्फर्मेशन' (शेअर डीमॅटमध्ये घेण्यासाठी दिलेलं पत्र) पडलं असेल, तर त्याची मुदत 120 दिवस असते. ती उलटली की शेअर कंपनीच्या सस्पेन्स एस्क्रो खात्यात जातात. बुडत नाहीत, पण तिथून काढायला पुन्हा अर्ज करावा लागतो.

सर्टिफिकेटवर वडिलांचं नाव आडनाव आधी आणि 'दत्तात्रय', मृत्यूच्या दाखल्यावर 'दत्तात्रेय', पॅनवर नुसतं 'डी. व्ही.'. शिवाय आईचं माहेरचं नाव वेगळं, लग्नानंतर बदललेलं. (रावपुरा)

आपल्या घरांत हे हमखास असतं, आणि याच्यासाठी कोणी वकील लावू नये. वडिलांच्या बाबतीत आधी दाखला पाहा. चूक दाखल्यात असेल आणि बाकी सगळीकडे एकच नाव असेल, तर सेवासदनाच्या जन्म-मृत्यू विभागात पुरावे देऊन दाखलाच दुरुस्त करून घ्या. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात तशी सोय आहे. हा दाखला आयुष्यभर ठिकठिकाणी लागणार आहे, म्हणून मूळ दुरुस्ती केव्हाही बरी. चूक सर्टिफिकेटवरच्या जुन्या नावात असेल तर ते बदलता येत नाही. तिथे 'ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र द्या, आणि त्यासोबत पासपोर्ट, मतदार ओळखपत्र किंवा पेन्शनचा कागद असा एखादा पुरावा जोडा ज्यात पूर्ण नाव आणि सर्टिफिकेटवरचा पत्ता दोन्ही आहेत. पत्ता जुळला की स्पेलिंगची शंका बरीच निवळते.

आईचं माहेरचं नाव तेव्हाच मधे येतं जेव्हा शेअर लग्नाआधी घेतलेले असतात किंवा आजोळकडून आलेले असतात. लग्नाचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद असेल तर काम सरळ आहे. जुन्या लग्नांची नोंदणी बहुधा नसते. तिथे प्रतिज्ञापत्र आणि शाळा सोडल्याचा दाखला अशी जोडी द्या. सगळ्या वारसांची नावं सगळ्या कागदांवर पॅनप्रमाणेच लिहा. 'सौ.', 'श्रीमती' गाळा.

शेअर आई-बाबा दोघांच्या नावावर आहेत, बाबा पहिले धारक होते. तरीही हे सगळं करायचं का? (कारेलीबाग)

नाही. संयुक्त धारकांपैकी एक गेला की हयात असलेला धारकच मालक म्हणून नोंदला जातो. मृत्यूचा दाखला, आईचं पॅन, केवायसीचे अर्ज आणि सर्टिफिकेटं देऊन बाबांचं नाव कमी करायचं. बाकी वारसांच्या सह्या लागत नाहीत. हे काम आई हयात असतानाच उरका. दोघंही गेल्यावर केलं तर दोन मृत्यूंचे दाखले आणि वारसांची पूर्ण साखळी मांडावी लागते.

रजिस्ट्रारने कळवलं की शेअर आयईपीएफकडे गेले. म्हणजे सरकारजमा झाले? (मांजलपूर)

गेले आहेत, बुडालेले नाहीत. कंपनी कायदा 2013 च्या कलम 124 प्रमाणे सलग सात वर्षं लाभांश न घेतलेले शेअर कंपनीला गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे, म्हणजेच आयईपीएफकडे, पाठवावे लागतात. वारसांना ते परत मागता येतात, आणि दरम्यान पडलेला लाभांश व बोनसही.

क्रम असा. आधी कंपनीकडे किंवा रजिस्ट्रारकडे वारस म्हणून वर सांगितलेले सगळे कागद द्या. त्यांचं समाधान झालं की ते 'एन्टायटलमेंट लेटर' देतात, म्हणजे अमुक इतके शेअर आणि अमुक लाभांश या व्यक्तीला देय आहे असं पत्र. ते हातात आल्यावरच कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर आयईपीएफ-5 भरा. पत्राशिवाय घाईने भरलेले अर्ज बहुतेक फेटाळले जातात. अर्जाला सरकारी फी नाही. नाव आधारप्रमाणे, डीमॅट खातं दावेदाराचंच, आणि शेअरची संख्या पत्रात आहे तेवढीच. एकाचाही फरक चालत नाही.

अर्ज भरल्यावर त्याची छापील प्रत, पोचपावती, क्षतिपूर्ती बाँड आणि मूळ कागद कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे पाठवा. पाकिटावर 'आयईपीएफ प्राधिकरणाकडून परताव्याचा दावा' असं इंग्रजीत लिहायचं असतं. ऑनलाइन अर्ज झाला म्हणजे काम झालं असं समजून हे पाकीट न पाठवणारे पुष्कळ असतात. त्यांचा दावा तिथेच थांबतो. कंपनी पडताळणी अहवाल पाठवते आणि मग प्राधिकरण निर्णय घेतं. एका कंपनीसाठी एका आर्थिक वर्षात एकच दावा करता येतो, म्हणून लाभांश आणि शेअर एकाच अर्जात घ्या.

ज्यांचे शेअर अजून गेलेले नाहीत त्यांनी सात वर्षं मोजून पाहा. वडील गेल्यावर बँक खातं बंद झालं आणि लाभांश परत जाऊ लागला, तर मोजणी तिथून सुरू होते. शिवाय एप्रिल 2024 पासून केवायसी नसलेल्या कागदी फोलिओचा लाभांश कंपनी रोखून धरते. जे लोक 2018-19 मध्ये गेले त्यांच्या वारसांनी आता थांबू नये.

सासऱ्यांच्या शेअरला माझे मोठे दीर नॉमिनी आहेत. माझे यजमान सासऱ्यांच्या आधीच गेले. दीर म्हणतात, नॉमिनी मी म्हणजे शेअर माझे. माझ्या मुलीचा काही हक्क? (वाडी)

हक्क आहे, तुमचाही आणि मुलीचाही. आधी गेलेल्या मुलाची विधवा आणि मुलं पहिल्या वर्गाचे वारस असतात. तुमच्या यजमानांना जो हिस्सा मिळाला असता तो तुम्हा दोघींत समान वाटला जातो. नॉमिनीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 14 डिसेंबर 2023 रोजी शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर या खटल्यात स्पष्ट केलंय की शेअरचा नॉमिनी वारसांना डावलून मालक होत नाही. कंपनीने कोणाच्या हाती द्यायचं एवढ्यापुरतं नॉमिनेशन. मालकी मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरते.

पण हेही लक्षात घ्या की दिरांनी नॉमिनी म्हणून कागद दिले तर रजिस्ट्रार शेअर त्यांच्या नावावर करणार. तो त्याच्या जागी बरोबर आहे. भांडण सोडवणं त्याचं काम नाही. तुम्ही दिरांना तुमच्या हिश्श्याची लेखी मागणी करा आणि तिची प्रत जपा. ते तयार असतील तर कौटुंबिक वाटणीचा लेख करून त्यांच्या डीमॅटमधून तुमचा हिस्सा तुमच्या खात्यात वर्ग होतो. असं वर्ग करणं विक्री समजून कर लागू नये म्हणून सेबीने जानेवारी 2026 पासून टीएलएच (ट्रान्समिशन टू लीगल हेअर्स) हा वेगळा कारण-कोड ठेवलाय. डीपीकडे त्याचा आग्रह धरा. दीर नाकारत असतील तर मात्र दिवाणी कोर्ट आणि वकील दोन्ही लागतील. या सदरात वकील नको म्हणतो ते एकमत असलेल्या घरांसाठी. भांडण असेल तिथे एकट्याने लढू नका.

वडिलांच्या डीमॅटचा पासवर्ड माझ्याकडे आहे. विकून पैसे आईला दिले तर? (गोत्री)

करू नका. मृताच्या नावाने सौदा करणं म्हणजे त्याच्या सहीने चेक काढण्यासारखं आहे. नंतर एखाद्या वारसाने तक्रार केली तर हेतू चांगला होता हे सांगून सुटका होत नाही. डीपीला मृत्यू कळवा, खातं गोठेल. नॉमिनी असेल तर ट्रान्समिशनचा (मृताचे शेअर दुसऱ्याच्या नावावर करण्याचा) अर्ज, दाखला आणि नॉमिनीच्या खात्याची क्लायंट मास्टर लिस्ट एवढ्यावर काम होतं. नसेल तर 15 लाखांपर्यंत वर सांगितलेली प्रतिज्ञापत्रं, हरकत नसल्याची पत्रं आणि बाँड. पूर्ण कागदांवर डीमॅटचं काम सात दिवसांत व्हायला हवं. डीमॅटमधल्या सगळ्या कंपन्या एकाच अर्जात येतात, म्हणून हे काम कागदी शेअरपेक्षा कितीतरी हलकं.

सर्टिफिकेट वाळवीने खाल्लं आहे. दुसरं सापडत नाही. (फतेहगंज)

खाल्लेल्याचे तुकडे टाकू नका. फोलिओ आणि नंबर वाचता येत असतील तर ते फाटक्या सर्टिफिकेटऐवजी नवं मागण्याच्या अर्जासोबत परत द्यायचे असतात. हरवलेल्यासाठी दुय्यम प्रतीचा अर्ज आयएसआर-4 आणि त्यासोबत प्रतिज्ञापत्र व बाँड. शेअरची किंमत दहा लाखांपर्यंत असेल तर एफआयआर आणि वर्तमानपत्रातली जाहिरात लागत नाही. हे माहीत नसल्यामुळे लोक पोलीस ठाण्यात विनाकारण खेटे घालतात. दुय्यम प्रत आणि वारसाची नोंद दोन्ही करायचं असेल तर अर्ज एकत्र घेणार का ते रजिस्ट्रारला आधी विचारा. आणि असलेली सर्टिफिकेटं लॅमिनेट करू नका. मागचे शेरे आणि शिक्के तपासायचे असतात.

बहीण अमेरिकेत आहे. तिची सही कशी आणायची? (अलकापुरी)

तिने हरकत नसल्याचं पत्र आणि प्रतिज्ञापत्र तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून मूळ प्रत पाठवावी. स्टॅम्प लागणारा कागद परदेशात सही होऊन आला तर भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथली स्टॅम्प ड्युटी भरायची असते. नुसता स्कॅन चालत नाही. तिला मजकूर पाठवताना बाबांचं नाव, फोलिओ आणि शेअरची संख्या भरूनच पाठवा, म्हणजे तिला वकिलातीत दुसऱ्यांदा वेळ घ्यावी लागणार नाही.

नावावर झाल्यावर विकले तर कर किती? (सयाजीगंज)

वारशाने मिळण्यावर कर नाही आणि ट्रान्समिशनवर स्टॅम्प ड्युटीही नाही. विकताना भांडवली नफा धरला जातो. खरेदीची किंमत आणि तारीख वडिलांची धरतात, त्यामुळे हे शेअर जवळजवळ नेहमी दीर्घ मुदतीचे ठरतात. बाजारात विकलेल्या नोंदणीकृत शेअरवर वर्षाला सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे. फेब्रुवारी 2018 च्या आधी घेतलेल्या शेअरसाठी 31 जानेवारी 2018 चा बाजारातला सर्वोच्च भाव खरेदी किंमत म्हणून धरता येतो, विक्रीच्या किमतीपेक्षा जास्त नसेल तर. 1990 च्या दशकातल्या शेअरला याचा मोठा फायदा होतो.

दांडिया बाजारच्या वाचकांचंच उदाहरण घ्या. 160 पैकी 80 शेअरना 2018 चा भाव मिळेल. 2024 च्या बोनसचे 80 मात्र नंतरचे, त्यांची किंमत शून्य धरली जाते. शिवाय जिओ फायनान्शियल वेगळी झाली तेव्हा मूळ किमतीचा 4.68 टक्के भाग तिच्याकडे गेला, उरलेला 95.32 टक्के रिलायन्सकडे. एकदम सगळे न विकता दोन आर्थिक वर्षांत विभागले तर सव्वा लाखाची सूट दोनदा मिळते. डीमॅटमध्ये आधी आलेले शेअर आधी विकले असं धरतात, म्हणून ट्रान्समिशनच्या नोंदी जपा.

एक एजंट 'सगळं आम्ही करतो, मिळेल त्यातली टक्केवारी द्या' म्हणतो. आणि रजिस्ट्रारने उत्तरच दिलं नाही तर? (मकरपुरा)

टक्केवारीवर काम देऊ नका. कागद गोळा करणं, सह्या घेणं आणि बँकेत जाणं हे तुम्हालाच करावं लागतं. एजंट अर्ज भरतो. मदत हवीच असेल तर ओळखीच्या कंपनी सेक्रेटरीला कामाची ठरावीक फी द्या. कोऱ्या बाँडवर सही, मुखत्यारपत्र किंवा तुमचा ईमेल-ओटीपी कोणालाही देऊ नका. आणि शेअर परत मिळवून देतो म्हणून आधी 'प्रोसेसिंग फी' मागणारा फोन आला तर तो बंद करा. आयईपीएफकडे लाभांश पडून असलेल्यांची नावं सार्वजनिक यादीत असतात आणि तिथूनच हे लोक फोन करतात.

उत्तर आलं नाही तर आधी कंपनीच्या अनुपालन अधिकाऱ्याला ईमेल करा आणि रजिस्ट्रारला पाठवलेल्या पाकिटाची पोचपावती जोडा. त्यावरही गप्पच असतील तर सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर तक्रार नोंदवा. फी नाही, पॅन लागतं. कंपनीला 21 दिवसांत काय केलं ते कळवावं लागतं. तक्रार कारण घडल्यापासून एका वर्षाच्या आत हवी. मजकूर चार ओळींचाच ठेवा : फोलिओ, कागद कधी पोचले, काय मागितलं होतं, काय झालं नाही. त्रुटीचं पत्र आलं असेल तर तेही जोडा. तुमच्या बाजूने काही राहिलं असेल तर तक्रार त्याच कारणाने बंद होते. तोडगा पटला नाही तर त्याच पोर्टलवर पुनरावलोकन मागता येतं, आणि पुढे स्मार्ट ओडीआर या ऑनलाइन मंचावर सामोपचार व लवादाकडे जाता येतं.